थ्री फेज मोटारीचा स्टार्टर आतून कसा चालतो: शेतीपंपवाल्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विहिरीवर किंवा बोअरवर मोटार असलेल्या प्रत्येकाकडे पत्र्याची एक पेटी असते आणि ती बिघडली की उभं पीक पाण्याची वाट पाहत राहतं. गेली बरीच वर्षं मी अशा पेट्या उघडतो आहे. लोक मला जे विचारतात तेच इथे लिहिलं आहे. उदाहरणं ३ ते १० एचपीच्या शेतीपंपांची आहेत, पण पिठाची गिरणी, कडबाकुट्टी, लेथ यांच्या स्टार्टरचंही तत्त्व हेच.

साध्या स्विचवर मोटार का लावायची नाही? स्टार्टर वेगळं काय करतो?

चालू-बंद करणं हे स्टार्टरचं सगळ्यात सोपं काम. खरी कामं दोन आहेत: लाईट जाऊन परत आली तर मोटार आपोआप सुरू होऊ न देणं, आणि मोटार जास्त अँपिअर घेत राहिली तर वाइंडिंग (मोटारीतली तांब्याच्या तारेची गुंडाळी) जळायच्या आत ती बंद करणं. साधा स्विच यातलं काहीच करत नाही.

शिवाय सुरुवातीचा झटका असतोच. ४१५ व्होल्टवर ५ एचपीची मोटार चालू असताना साधारण ७.५ अँपिअर घेते, पण थेट सुरू करताना पहिल्या क्षणी सहा-सात पट, म्हणजे ४५ ते ५० अँपिअर ओढते. रोटर (मोटारीतला फिरणारा भाग) उभा असतो तेव्हा मोटार ही आतून शॉर्ट केलेल्या ट्रान्सफॉर्मरसारखी वागते. रोटर वेग घेईल तसा प्रवाह उतरतो. हा झटका रोज दोन-चार वेळा झेलायचा आणि चालू प्रवाह तोडायचा तर पॉइंट, म्हणजे वीज जोडणारी-तोडणारी धातूची टोकं, झटक्यात मिटणारे आणि झटक्यात उघडणारे हवेत. हाताने हळू ओढलेला खटका तिथे ठिणगी धरून बसतो.

पेटीत इतक्या वायरी आहेत. समजून घ्यायला सुरुवात कुठून करायची?

त्या पेटीत दोन वेगळे रस्ते आहेत, हे आधी मनात पक्कं करा. बाकी सगळं त्यातून उलगडतं.

पहिला रस्ता जाड वायरींचा. लाल, पिवळा, निळा असे तीन फेज वरून कॉन्टॅक्टरच्या (कॉइलच्या चुंबकाने पॉइंट मिटवणाऱ्या स्विचच्या) १, ३, ५ नंबरवर येतात, खाली २, ४, ६ वरून निघतात, ओव्हरलोड रिलेतून जातात आणि मोटारीला पोचतात. मोटारीचं सगळं अँपिअर इथून वाहतं.

दुसरा रस्ता बारीक वायरींचा, हुकमाचा. कॅनॉलवर पाटकरी असतो ना, तसा. पाटकरी स्वतः पाणी वाहून नेत नाही, पण दार कधी उघडायचं आणि कधी पाडायचं ते त्याच्या हाती असतं. एका फेजवरून निघालेली बारीक वायर ओव्हरलोड रिलेच्या ९५-९६ या पॉइंटमधून जाते, मग लाल बटणातून, मग हिरव्या बटणातून आणि शेवटी कॉन्टॅक्टरच्या कॉइलच्या ए१ वर पोचते. ए२ वरून दुसऱ्या फेजला किंवा न्यूट्रलला जाऊन मिळते. काही कंपन्यांच्या पेटीत ९५-९६ कॉइलच्या पलीकडच्या बाजूला असतात, पण साखळी तीच. कुठेही एक कडी सुटली की कॉइल मेली, आणि कॉइल मेली की मोठे तिन्ही पॉइंट एकदम उघडले.

शेतीच्या स्टार्टरमध्ये बहुतेक कॉइल ४१५ व्होल्टची, म्हणजे दोन फेजमध्ये जोडलेली असते, कारण शेतापर्यंत भरवशाचा न्यूट्रल येईलच असं नाही. कॉइल बदलताना तिच्यावर छापलेलं व्होल्टेज आधी वाचा. २४० व्होल्टची कॉइल दोन फेजमध्ये बसवली तर काही क्षणांत धूर निघतो.

हिरवं बटण सोडल्यावरही मोटार चालू कशी राहते?

हिरवं बटण दाबेपर्यंतच मिटतं आणि सोडलं की स्प्रिंगने उघडतं. पण कॉन्टॅक्टर खाली बसला की मोठ्या पॉइंटबरोबर एक छोटा पॉइंटही मिटतो. बहुतेक कॉन्टॅक्टरवर त्याचा नंबर १३-१४ असतो. तो हिरव्या बटणाच्या शेजारी, समांतर जोडलेला असतो. तुम्ही बोट काढलं तरी कॉइलला लागणारा करंट आता या छोट्या पॉइंटवरून मिळतो. कॉन्टॅक्टर स्वतःच स्वतःला धरून ठेवतो, म्हणून याला होल्डिंग म्हणतात.

लाल बटण याच्या उलट. ते एरवी मिटलेलं असतं आणि दाबल्यावर उघडतं. मुद्दाम तसं केलेलं आहे: लाल बटणाची वायर उंदराने कुरतडली तर मोटार बंद पडते. बंद करणाऱ्या साखळीत बिघाड झाला तर मोटार थांबली पाहिजे, चालत राहता कामा नये. मला ही रचना फार आवडते. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या माणसांनी एवढ्याशा साखळीत केवढा विचार करून ठेवला आहे.

लाईट जाऊन आली की मला परत विहिरीवर जावं लागतं. हा दोष आहे का?

नाही, हे संरक्षण आहे. लाईट गेली की कॉइल सुटते, तिच्याबरोबर होल्डिंगही उघडतं. लाईट परत आली तेव्हा हिरवं बटण उघडं, होल्डिंगही उघडं, मग कॉइलला रस्ताच नाही. कुणी मोटारीपाशी पट्टा बसवत असेल, पाइप जोडत असेल, तर याच एका गोष्टीने त्याचा हात वाचतो.

हिरवं बटण दाबलं की चालते, सोडलं की बंद होते.

होल्डिंगचा पॉइंट जळालाय, त्यात मुंगी अडकलीय किंवा त्याची वायर सुटलीय. बहुतेक वेळा वायर सुटलेली सापडते.

स्टार्टर खरखर वाजतो, थरथरतो. काय बघायचं?

आधी व्होल्टेज बघा. कॉन्टॅक्टर त्याच्या व्होल्टेजच्या ८५ टक्क्यांपर्यंत नीट ओढून बसेल अशा बेताने बनवतात. ४१५ च्या कॉइलला ही मर्यादा सुमारे ३५३ व्होल्टची. उन्हाळ्यात डीपीवर (रोहित्रावर) सगळ्यांच्या मोटारी चालू असताना शेवटच्या शेतात ३३० येत असतील तर कॉइल ओढते, सुटते, परत ओढते. अशा खेळात पॉइंट तासाभरात खराब होतात. तेव्हा मोटार चालवू नका. ३३० व्होल्टवर मोटारीचा जोरही पुऱ्या जोराच्या ६३ टक्क्यांवर येतो, कारण जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो.

व्होल्टेज ठीक असेल तर लोखंडी चुंबकाची दोन तोंडं बघा. त्यावर धूळ, गंज किंवा चिरडलेली मुंगी असेल तर ती घट्ट मिटत नाहीत. आमच्याकडे पावसाळ्याच्या तोंडावर काळ्या मुंग्यांची रांगच पेटीत घुसते. तोंडं कोरड्या फडक्याने पुसा, तेल-ग्रीस लावू नका. त्याच तोंडावर तांब्याची एक छोटी कडी बसवलेली दिसेल, ती शेडिंग रिंग. आपली वीज सेकंदाला १०० वेळा शून्यावर येते आणि त्या प्रत्येक क्षणी चुंबक सैल पडायला बघतो. ही कडी तेवढ्यापुरती पकड टिकवते. ती तुटली असेल तर कितीही पुसा, आवाज जात नाही.

आणि काडी खोचून कॉन्टॅक्टर दाबून ठेवू नका. हे मी अनेक विहिरींवर पाहिलं आहे. काडी खोचली की ओव्हरलोड किंवा लाल बटण त्या मोटारीला थांबवू शकत नाही, आणि लाईट जाऊन आली की ती आपोआप सुरू होते.

लाल बटण दाबलं तरी मोटार बंद होत नाही!

पॉइंट एकमेकांना चिकटलेत, वेल्ड झालेत. मेन स्विच पाडा. चिकटलेले पॉइंट स्क्रूड्रायव्हरने उचकटून परत वापरू नका, नवा सेट टाका. एक गोष्ट इथेच सांगतो: पॉइंट काळे दिसले म्हणजे वाईट झाले असं नाही. ते चांदीच्या मिश्रणाचे असतात आणि काळेपणासकट वीज नीट वाहतात. काचपेपरने घासून चमकवले की वरचा मोलाचा थर निघून जातो आणि मग ते खरंच चिकटायला लागतात.

ओव्हरलोड रिले किती अँपिअरवर ठेवायचा?

मोटारीच्या नेमप्लेटवर जो फुल लोड करंट लिहिला आहे त्यावर. ४१५ व्होल्टला ५ एचपीसाठी अंदाजे ७.५, साडेसात एचपीसाठी ११ आणि १० एचपीसाठी १४ अँपिअर धरतात. सबमर्सिबलचा आकडा थोडा जास्त असतो, म्हणून अंदाजापेक्षा प्लेट खरी.

रिलेच्या आत तीन द्विधातू पट्ट्या असतात. दोन वेगळ्या धातूंचे पत्रे एकमेकांना चिकटवलेले, तापल्यावर दोन्ही सारखे वाढत नाहीत म्हणून पट्टी वाकते. जास्त प्रवाह, जास्त ताप, जास्त वाक, आणि एका मर्यादेला ती ढकलपट्टी सरकवून ९५-९६ उघडते. रिले मोटारीचा प्रवाह स्वतः तोडत नाही. तो फक्त पाटकऱ्याला सांगतो, दार पाड.

सर्वसाधारण मोटारीसाठी वापरतात तो 'क्लास १०' चा रिले. लावलेल्या आकड्याच्या १.०५ पट प्रवाहावर तो दोन तासांतही पडत नाही. १.२ पटीवर दोन तासांच्या आत पडतो. आधीच तापलेला असताना दीडपट प्रवाह आला तर ४ मिनिटांच्या आत आणि थंड असताना ७.२ पटीवर ४ ते १० सेकंदांत. म्हणूनच सुरुवातीचा सहापट झटका एक-दोन सेकंदांचा असला तर तो रिले सोडून देतो, पण जाम झालेली मोटार सोडत नाही.

आता नेहमीची तक्रार: 'मे महिन्यात नीट चालत होती, सप्टेंबरमध्ये रोज ट्रिप होते.' लोक रिलेला दोष देतात. होतं असं, की विहीर भरली की पाणी उचलायची उंची कमी होते, सेंट्रिफ्यूगल पंप जास्त पाणी फेकतो आणि मोटारीवरचा भार वाढतो. रिले बरोबर सांगत असतो. अशा वेळी क्लॅम्प मीटर (वायरीभोवती अडकवून अँपिअर मोजणारा) लावून अँपिअर बघा आणि डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह थोडा आवळा. आकडा प्लेटवर उतरेल. रिलेचा काटा पुढे सरकवणं म्हणजे मोटार रिवाइंडिंगवाल्याकडे न्यायची तारीख ठरवणं.

याचीच दुसरी बाजू: विहिरीतलं पाणी संपून पंप कोरडा फिरला तर प्रवाह वाढत नाही, उलट घटतो. ओव्हरलोड रिले तिथे आंधळा आहे. सबमर्सिबलचं थंड होणं आणि बेअरिंगचं वंगण दोन्ही पाण्यावर चालतं, म्हणून बोअरवर कमी प्रवाह ओळखणारा ड्राय रन प्रिव्हेंटर वेगळा लावायलाच हवा.

ट्रिप झाल्यावर रिसेट लगेच का बसत नाही?

पट्ट्या गरम आहेत. दोन-चार मिनिटं थांबा. तेवढा वेळ मोटारीलाही थंड व्हायला हवाच असतो. रिलेवर हॅन्ड आणि ऑटो असा खटका असेल तर तो हॅन्डवर ठेवा, म्हणजे ट्रिप का झाली ते बघायला कुणाला तरी यावं लागेल.

एक फेज गेला आणि मोटार जळाली. स्टार्टर होता, मग त्याने वाचवलं का नाही?

माझ्याकडे येणाऱ्या जळक्या मोटारींत हे कारण सगळ्यात जास्त वेळा निघतं, म्हणून इथे सविस्तर लिहितो.

वर सांगितलं की कॉइल दोन फेजमध्ये असते. समजा लाल आणि निळ्यामध्ये आहे आणि पिवळा गेला. कॉइलला काहीच कळत नाही. तिचे दोन्ही फेज शाबूत आहेत, कॉन्टॅक्टर मिटलेलाच राहतो, मोटार दोन फेजवर फिरत राहते. तेवढाच भार ओढायचा म्हणून उरलेल्या दोन वायरींतला प्रवाह सुमारे पावणेदोन पट होतो.

'मग कॉइलचाच एखादा फेज गेला तर सुटेल ना?' असं पुढे विचारतात. खात्री नाही. फिरती मोटार मेलेल्या फेजच्या टोकावर स्वतःच व्होल्टेज तयार करते, आणि ते कॉइलला धरून ठेवायला पुरू शकतं. त्यात नियॉनचा टेस्टर लावला तर तो तिथेही पेटतो, आणि माणूस म्हणतो, 'तिन्ही फेज आहेत.'

थांबलेली मोटार दोन फेजवर सुरूच होत नाही. फिरतं चुंबकीय क्षेत्र तयार होत नाही, ती नुसती घुमते आणि बंद केली नाही तर जाग्यावर तापते. घुमण्याचा आवाज आला की पहिल्या सेकंदाला लाल बटण. हिरवं पुन्हापुन्हा दाबून बघू नका.

मोटार उघडल्यावर वाइंडिंगवरून कारण वाचता येतं. डेल्टामध्ये जोडलेल्या मोटारीचा एक फेज गेला असेल तर वाइंडिंगच्या तीन गटांपैकी एकच गट काळा होतो, कारण उरलेल्या दोन वायरींमध्ये थेट पडलेला गट बाकीच्या दोघांपेक्षा बराच जास्त प्रवाह घेतो. स्टारच्या मोटारीत दोन गट काळे आणि एक कोरा राहतो. सगळं वाइंडिंग सारखं काळं असेल तर ओव्हरलोड, जाम किंवा कमी व्होल्टेज. रिवाइंडिंगला दिलीत तर भरण्याआधी जुनं वाइंडिंग डोळ्यांनी बघून या, नाहीतर नवीनही त्याच कारणाने जाईल.

आणखी एक फसवा प्रकार. डीपीच्या वरचा, ११ केव्हीच्या बाजूचा एक डीओ (ड्रॉप-आउट फ्यूज) पडला तर खाली एक फेज पूर्ण गायब होत नाही. न्यूट्रलला लावून बघितलं तर एका फेजवर दिवा पूर्ण पेटतो आणि दोनवर मंद. घरात 'लाईट कमी आहे' इतकंच वाटतं, पण मोटारीसाठी ते एक फेज जाण्याइतकंच वाईट.

मग सिंगल फेज प्रिव्हेंटर लावला की निश्चिंत?

कोणता लावलाय त्यावर आहे. स्वस्तातला असतो तो स्टार्टरच्या वर येणारं व्होल्टेज बघतो. लाईनवरचा फेज गेला, दोन फेज उलटे झाले, व्होल्टेज असमान झालं, तर तो ९५-९६ सारखाच साखळी तोडतो. पण स्टार्टरच्या खाली, मोटारीकडे जाणाऱ्या केबलचा जोड निसटला किंवा कॉन्टॅक्टरचा एक पॉइंट जळाला तर त्याला दिसत नाही. प्रवाह बघणारा प्रिव्हेंटर तिन्ही वायरींचं अँपिअर मोजतो, त्यामुळे बिघाड वर असो की खाली, तो पकडतो. बोअरमध्ये केबलचे जोड पाण्याखाली असतात, तिथे मी प्रवाहवालाच सुचवतो.

प्रिव्हेंटर सारखा ट्रिप होतो म्हणून त्याच्या दोन वायरी एकत्र पिळून तो बायपास केलेला दिसला की मला वाईट वाटतं. तो सारखा ट्रिप होतोय म्हणजे काहीतरी बोलतोय.

स्टार-डेल्टा स्टार्टर कशासाठी? माझ्या मोटारीला लागेल का?

मोटारीतून सहा टोकं बाहेर येत असतील तरच तो लावता येतो. सबमर्सिबलला दोन चपट्या केबली खाली गेल्या असतील तर ती सहा टोकांची, एकच केबल असेल तर तीन टोकांची आणि तिला थेट स्टार्टर.

कल्पना सोपी. सुरुवातीला तिन्ही वाइंडिंगची शेपटं एकत्र बांधायची, हा स्टार. मग प्रत्येक वाइंडिंगला ४१५ ऐवजी २४० व्होल्टच मिळतात, लाईनवरचा प्रवाह थेट सुरुवातीच्या एक तृतीयांश होतो. जोरही एक तृतीयांशच होतो, हे मात्र विसरायचं नाही. सेंट्रिफ्यूगल पंपाला सुरुवातीला जोर कमीच लागतो म्हणून तिथे हे जमतं, पण दाणा भरलेली गिरणी स्टारमध्ये उठत नाही. वेग आला की शेपटं सोडून प्रत्येक वाइंडिंग दोन फेजमध्ये टाकायचं, हा डेल्टा.

आत तीन कॉन्टॅक्टर असतात: मेन, स्टार आणि डेल्टा. टायमर स्टारला सोडतो आणि मग डेल्टाला ओढतो. स्टार आणि डेल्टा एकाच वेळी मिटले तर तिन्ही फेजचा थेट शॉर्ट होतो. म्हणून स्टारच्या कॉइलचा रस्ता डेल्टाच्या मिटलेल्या छोट्या पॉइंटमधून जातो आणि डेल्टाचा स्टारच्या. एक बसला की दुसऱ्याचा रस्ता आपोआप बंद. हा इंटरलॉक कधीही काढू नका.

टायमर पंपाच्या वेगावर लावा. जमिनीवरच्या मोटारीला साधारण ५ ते १० सेकंद. सबमर्सिबल फार लवकर वेग घेते, तिला दोन-तीन सेकंद बास. टायमर बिघडून मोटार स्टारमध्येच अडकली तर पुऱ्या भाराखाली ती वेग सोडते आणि तापते, पाणी कमी पडतं ही त्याची खूण.

रिलेचा आकडा इथे चुकतो. स्टार-डेल्टात तो बहुधा वाइंडिंगच्या वायरीत बसवलेला असतो, तिथे लाईनच्या ५८ टक्केच प्रवाह वाहतो. १० एचपीच्या १४ अँपिअरच्या मोटारीला तो सुमारे ८ वर हवा. १४ वर ठेवलेला मी कितीदा पाहिला आहे, आणि तसा रिले असून नसल्यासारखा.

लाईनवर काम झाल्यापासून पाणी कमी येतं, पण मोटार चालू आहे.

दोन फेजची अदलाबदल झाली असेल, मोटार उलटी फिरतेय. सेंट्रिफ्यूगल पंप उलटा फिरला तरी पाणी त्याच तोंडातून येतं, फक्त कमी. मेन स्विच पाडून कोणत्याही दोन वायरी एकमेकींच्या जागी लावा. बोअरमध्ये दिशा दिसत नाही, तिथे दोन्ही प्रकारे चालवून बघा, ज्यात धार मोठी ती बरोबर. शेजाऱ्यांचीही तशीच तक्रार असेल तर अदलाबदल डीपीवर झालीय, आधी तिथे कळवा, नाहीतर ती दुरुस्त झाल्यावर तुमची परत उलटी होईल.

घरून आणि विहिरीवरून, दोन्हीकडून चालू-बंद करायचं आहे. टाकी भरली की बंदही व्हायला हवी.

नियम एका ओळीत मावतो: बंद करणारं सगळं एकापाठोपाठ, चालू करणारं सगळं शेजारीशेजारी. दुसरं लाल बटण पहिल्याच्या पुढे साखळीत, दुसरं हिरवं बटण पहिल्याला समांतर. टाकीचा फ्लोट, प्रिव्हेंटर, ड्राय रन, हे सगळे बंद करणारे, म्हणून साखळीत.

पण फ्लोटची वायर थेट ४१५ च्या साखळीत टाकून टाकीच्या पाण्यात सोडू नका. त्या टाकीत पोरं हात घालतात, जनावरं पाणी पितात. मध्ये छोटा ट्रान्सफॉर्मर घालून २४ व्होल्टचा रिले चालवा आणि फ्लोट त्या २४ वर ठेवा. खर्च थोडा वाढतो, पण इथे काटकसर करू नये.

ऑटोस्विच लावू नका असं महावितरण सांगतं. मग रात्री तीनला लाईट आली तर आम्ही जायचं का?

प्रश्न रास्त आहे. थ्री फेज लाईट पाळीने येते, कधी दिवसा, कधी रात्री. अंधारात बांधावरून जाताना साप, आणि जुन्नरसारख्या भागात बिबट्या. माणूस ऑटोस्विच हौसेने लावत नाही.

तरी हिशेब बघा. १०० केव्हीए डीपीची पूर्ण क्षमता सुमारे १३३ अँपिअर. ५ एचपीच्या १२ मोटारी चालू असताना ९० अँपिअर घेतात, डीपी आरामात. पण बाराच्या बारा ऑटोवर असतील आणि लाईट आल्या क्षणी एकदम उठल्या, तर ४५ गुणिले १२, म्हणजे ५४० अँपिअरची मागणी. व्होल्टेज कोसळतं, म्हणून एकही मोटार वेग घेत नाही, म्हणून झटका लांबतो, म्हणून फ्यूज जातात आणि शेवटी रोहित्र जळतं. मग बाराही जण नवीन रोहित्राची वाट बघतात.

मधला रस्ता आहे. मोबाईलवरून चालवायचे स्टार्टर मिळतात, त्यात तुम्ही घरून अँपिअर आणि फेज बघून मगच सुरू करता. ऑटो ठेवायचाच असेल तर उशिराचा टायमर असलेला घ्या आणि एका डीपीवरच्या सगळ्यांनी बसून वेळा वाटून घ्या: तुमचा एक मिनिटाने, त्यांचा दोनने, पुढच्याचा तीनने. जिथे हे एकत्र बसून ठरवलं जातं तिथे डीपी टिकते. आणि ऑटोवर चालणाऱ्या मोटारीवर तसा फलक लावा, कारण ती कुणाला न विचारता सुरू होते.

कॅपॅसिटर लावून फायदा होतो का?

होतो, पण मोटारीचं स्वतःचं अँपिअर त्याने कमी होत नाही. डीपीपासून कॅपॅसिटरपर्यंतच्या लाईनवरचा प्रवाह घटतो आणि शेवटच्या शेतात व्होल्टेज थोडं सावरतं. ५ एचपीला साधारण २ केव्हीएआरचा (कॅपॅसिटरच्या मापाचं एकक) लावतात. रिलेच्या खाली, मोटारीच्या बाजूला जोडला तर रिलेला घटलेला प्रवाह दिसतो, म्हणून काटा मीटरने मोजून तेवढा खाली घ्या. बंद केल्यावरही कॅपॅसिटर काही वेळ झटका देतो.

फ्यूज सारखा जातो म्हणून जाड तार टाकली तर?

फ्यूज शॉर्ट सर्किटसाठी, रिले ओव्हरलोडसाठी. जाड तार टाकलीत तर शॉर्टच्या वेळी तार वितळण्याऐवजी केबल आणि पेटी जळते. फ्यूज तिन्ही किटकॅटमध्ये (फ्यूजची तार बसवायच्या चिनी मातीच्या खाचांमध्ये) एकाच मापाचा हवा, नाहीतर बारीक असलेला एकटा जातो आणि मोटार सिंगल फेजवर येते. जमलं तर तिन्ही फेज एकदम तोडणारा ब्रेकर बसवा.

मी स्वतः पेटी उघडून किती बघू शकतो?

मेन स्विच पाडून आणि किटकॅट काढून खिशात घातल्यावर: सैल स्क्रू आवळणं, मुंग्या-धूळ काढणं, जळकी वायर ओळखणं. किटकॅट खिशात यासाठी, की दुसरं कुणी नकळत लावू नये. स्क्रू सैल असणं हे फार मोठं कारण आहे, सैल जोड तापतो आणि वायरीचं आवरण तिथे तपकिरी होतं.

वीज आहे की नाही ते टेस्टरवर ठरवू नका. दोन २४० व्होल्टचे दिवे सिरीजमध्ये जोडलेला टेस्ट लॅम्प किंवा चांगला मल्टिमीटर घ्या आणि लाल-पिवळा, पिवळा-निळा, निळा-लाल अशा तिन्ही जोड्या तपासा. चालू लाईनवरचं कोणतंही काम परवानाधारक वायरमनकडून करून घ्या. ओल्या जमिनीवर अनवाणी उभं राहून ४१५ व्होल्टच्या पेटीत हात घालणाऱ्याला दुसरी संधी मिळेलच असं नाही.

अर्थिंग बघा. थ्री फेज मोटारीच्या सांगाड्याला दोन वेगवेगळ्या अर्थिंगच्या वायरी असाव्यात असा नियम आहे, स्टार्टरच्या पेटीलाही अर्थिंग हवं. एक तुटली तर दुसरी असते. बहुतेक विहिरींवर मला एकही सापडत नाही. मोटारीला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर 'थोडा करंट येतो' म्हणून सोडून देऊ नका, त्याच क्षणी बंद करा.

सौर पंपाला स्टार्टर का नसतो?

त्याचा कंट्रोलर पॅनेलच्या विजेपासून थ्री फेज स्वतः तयार करतो आणि फ्रीक्वेन्सी शून्याजवळून हळूहळू वाढवतो, त्यामुळे झटकाच बसत नाही. हे पॅनेलच्या डीसी विजेवर थेट मोटार चालवणाऱ्या पंपांना लागू नाही.

मोटार रिवाइंड होऊन आली आहे. जोडण्याआधी काय बघू?

मेगरने वाइंडिंग आणि सांगाडा यांच्यातलं इन्सुलेशन मोजायला सांगा, रिवाइंडिंगवाल्याच्या दुकानातच. शाफ्ट हाताने फिरतो का ते बघा. जोडल्यावर वेगळ्या तीन वेळा क्लॅम्प मीटर लावून तिन्ही वायरींचं अँपिअर घ्या: सुरू केल्यानंतर लगेच, पाणी पूर्ण चालू झाल्यावर आणि अर्ध्या तासाने. तिन्ही फेजचे आकडे जवळजवळ सारखे हवेत. ते आकडे, त्या वेळचं व्होल्टेज, तारीख आणि रिलेचा काटा कितीवर ठेवला ते पेटीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला पक्क्या शाईच्या पेनने लिहून ठेवा. पुढच्या वेळी काही बिघडलं तर येणारा वायरमन आधी ते वाचेल.